एका मिलीमीटरमध्ये एक कोटी

अकरावीला रसायनशास्त्र घेतलेल्या माझ्या भाचीने परवा विचारलं, "मावशी, पिकोमीटर म्हणजे मीटर गुणिले दहाचा उणे बारावा घात, हे पाठ आहे माझं. पण म्हणजे केवढं?" तिच्या वयात हाच प्रश्न मला पडला होता आणि मी तो कुणालाच विचारला नव्हता. घात बरोबर लिहिले की गुण मिळायचे, त्यामुळे एमएस्सीपर्यंत तो तसाच राहून गेला. आता मी औषधांच्या क्षेत्रात पावडरचे एक्सआरडी पॅटर्न, म्हणजे पावडरवर क्ष-किरण टाकून मिळणारे आलेख, काढते, दिवसभर अँगस्ट्रॉम या लांबीच्या एककात बोलते. तिला जे सांगितलं तेच इथे मांडते आहे.

आधी घात बाजूला ठेवा आणि कंपासपेटीतली पट्टी काढा. तिच्यावरची सर्वांत बारीक खूण मिलीमीटरची. त्या एका मिलीमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर बसतात, १ कोटी अँगस्ट्रॉम बसतात आणि १ अब्ज पिकोमीटर बसतात. लाख, कोटी, अब्ज. आपली मोजणीची नावं इथे इतकी नेमकी बसतात की मला हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग, म्हणजेच १०० पिकोमीटर, हेही यातूनच निघतं.

आता मिठाचा एक दाणा घ्या, साधारण एक तृतीयांश मिलीमीटर कडेचा. कल्पना करा की प्रत्येक अँगस्ट्रॉम ताणून एक सेंटीमीटरचा केला. दाण्याची कड होईल सुमारे ३३ किलोमीटर, म्हणजे रेल्वेने बोरीबंदर ते ठाणे जवळजवळ तेवढीच. त्या सगळ्या रुळावर दर २.८ सेंटीमीटरला एक आयन: सोडियम, क्लोराइड, सोडियम, क्लोराइड. दादर, कुर्ला, घाटकोपर मागे पडलं तरी ओळ मोडत नाही. मोजले तर एका कडेवर जवळपास १२ लाख आयन भरतात. हे चित्र डोळ्यांपुढे आल्यावर भाची थोडा वेळ गप्प बसली. मला तीच शांतता हवी होती.

त्याच मापाने कार्बनचा अणू दीडेक सेंटीमीटरचा होतो, बोराएवढा. त्याचं केंद्रक मात्र इतकं ताणूनही केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकंच राहतं, डोळ्यांना दिसत नाहीच. म्हणून केंद्रकासाठी फेम्टोमीटर हे वेगळं एकक वापरतात. रसायनात त्याची गरज क्वचितच लागते.

दुसरी गोष्ट मी नव्या मुलांना नेहमी सांगते: एक लांबी आपली करून घ्या. माझी आहे १.५४ अँगस्ट्रॉम, दोन कार्बनमधला एकेरी बंध. बाकी सगळं मी तिच्या आधाराने तपासते. द्विबंध १.३४, त्रिबंध १.२०, म्हणजे बंध वाढले की कार्बन जवळ ओढले जातात. बेंझीनमध्ये सगळे बंध सारखेच, सुमारे १.४०; एकेरी आणि दुहेरी यांच्या दरम्यान. कार्बन-हायड्रोजन १.०९. ग्रॅफाइटच्या एका थरात कार्बन-कार्बन अंतर १.४२, पण दोन थरांमधलं ३.३५. पेन्सिल कागदावर घासली की थर का सुटतात, हे त्या ३.३५ मध्येच लिहिलेलं आहे. एखाद्या उत्तरात बंधाची लांबी १५ अँगस्ट्रॉम किंवा ०.१ अँगस्ट्रॉम आली, तर गणित पुन्हा करायचं, पुढे जायचंच नाही.

पाठ्यपुस्तकं आता बहुतेक पिकोमीटर वापरतात, कारण अँगस्ट्रॉम एसआय पद्धतीत नाही. तरी स्फटिकांचं काम करणारे अँगस्ट्रॉम सोडत नाहीत आणि मला ते पटतं. एक, दोन, तीन अशा हाताळता येणाऱ्या संख्यांत अणूंमधली अंतरं बसतात. गंमत अशी की हे एकक अणूंसाठी जन्मलंच नव्हतं. स्वीडनमधल्या उप्सालाच्या आंदेर्स योनास अँगस्ट्रॉम यांनी १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटातल्या रेषांच्या तरंगलांबी या मापात दिल्या. सोडियमचा पिवळा प्रकाश त्यात ५८९० च्या आसपास येतो. क्ष-किरणांचा शोधच १८९५ चा, त्यामुळे स्फटिकातली अंतरं मोजायची सोय तेव्हा नव्हती.

हिंदीतून शिकवणारे व्हिडिओ बघत असाल तर एक सांभाळा. आपल्याकडे अणू आणि रेणू. हिंदीत आपल्या अणूला परमाणू म्हणतात आणि अणू म्हणजे आपला रेणू. आकाराबद्दलचं वाक्य ऐकताना यामुळे मोठा घोळ होतो.

आता जिथे सर्वाधिक गुण जातात ते. स्फटिकाची घनता काढताना कडेची लांबी पिकोमीटरमध्ये दिलेली असते आणि उत्तर हवं असतं ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. एक पिकोमीटर म्हणजे १०⁻¹⁰ सेंटीमीटर. मुलं लांबीचा घन करतात, १०⁻¹⁰ चा करायचा विसरतात. माझा नियम सोपा: घन करण्याआधीच सेंटीमीटरमध्ये आणा. मिठाच्या एकक पेशीची, म्हणजे ज्या छोट्या ठोकळ्याच्या पुनरावृत्तीने स्फटिक बनतो त्याची, कड ५६४ पिकोमीटर, म्हणजे ५.६४ × १०⁻⁸ सेंटीमीटर. घनफळ १.७९ × १०⁻²² घन सेंटीमीटर. पेशीत सोडियम-क्लोराइडच्या चार जोड्या, त्यांचं वस्तुमान ३.८८ × १०⁻²² ग्रॅम. भागाकार २.१६, आणि मिठाची प्रत्यक्ष घनता तेवढीच आहे. हे उत्तर पहिल्यांदा जुळलं तेव्हा मला या आकड्यांवर खरा विश्वास बसला.

प्रयोगशाळेतली पहिली मोठी चूकही सांगते. यंत्र टू-थीटा, म्हणजे दुप्पट कोन, देतं आणि कोनावरून थरांमधलं अंतर काढणाऱ्या ब्रॅगच्या सूत्रात थीटा लागतो. मिठाचा ठळक पीक (आलेखातलं उंच टोक) ३१.७ अंशांवर होता आणि मी ३१.७ तसाच घातला. तांब्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४०६ धरून थरांमधलं अंतर १.४७ आलं. मी ते वहीत लिहूनही टाकलं. अर्धा कोन, १५.८५, घातला की २.८२ येतं, आणि २.८२ म्हणजे ५.६४ च्या निम्मं. पेशीच्या कडेवर सोडियम ते सोडियम आणि मधोमध क्लोराइड, म्हणून ते निम्मं असायलाच हवं, हे मला तेव्हा दिसलं नाही, कारण आकड्यामागे दाणा नव्हता, नुसता घात होता.

भाचीला मी शेवटी पोटॅशियम क्लोराइडचा पीक दिला. लो सोडियम मिठात हा क्षार असतो आणि त्याची रचना साध्या मिठासारखीच. "२८.३ अंश. कर." तिने आधी कोन अर्धा केला. उत्तर आलं ३.१५. मिठाहून ३३ पिकोमीटर जास्त. मग तिने आपणहून आयनांच्या त्रिज्यांचा तक्ता उघडला: सोडियम १०२, पोटॅशियम १३८. "मावशी, पोटॅशियम जाड आहे म्हणून क्लोराइड लांब सरकलाय," ती म्हणाली, आणि अंगठा आणि तर्जनी यांत तीन सेंटीमीटरचं अंतर धरून दाखवलं.