‘एकच तर होल मारायचंय’ : ड्रिल मशीनवरच्या या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांमध्ये लेथ असो नसो, ड्रिल मशीन असतंच. निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाच्या मांडवाचे अँगल आणि कांदाचाळीचे सांगाडे बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्यांकडेही एखादं पिलर ड्रिल (खांबावर बसवलेलं ड्रिल मशीन) आणि एक-दोन हँड ड्रिल हमखास दिसतात. लेथवर नवख्या पोराला कुणी एकटं सोडत नाही. ड्रिलवर मात्र पहिल्याच दिवशी उभं करतात. मशीन साधं दिसतं म्हणून त्याचा धाक वाटत नाही, आणि ‘एकच तर होल मारायचंय’ म्हणत नेमकी त्या एका होलापुरती सगळी काळजी बाजूला ठेवली जाते.

जॉब हातात धरणं

जॉब म्हणजे ज्याला होल मारायचं तो धातूचा तुकडा. तो हातात धरणं हीच सगळ्यात मोठी चूक. ड्रिल, म्हणजे भोक पाडणारी धारदार सळई, अर्ध्यात असताना जॉब शांत राहतो, त्यामुळे हाताने धरलं तरी चालतं असं वाटतं. खरा धोका ड्रिल खालून बाहेर पडताना असतो. टोक आरपार गेलं की खाली थोडंच धातू उरतं, ड्रिलची धार त्यात अडकते आणि जॉब ड्रिलबरोबर गरगर फिरतो. पट्टी किंवा पत्र्याचा तुकडा असा फिरला तर बोटं सोडवून घ्यायलाही वेळ मिळत नाही.

छोटा जॉब व्हाइसमध्ये (शिकंजात) धरा आणि व्हाइस टेबलाला बोल्टने बांधा. सुटी व्हाइस म्हणजे फक्त जड झालेला जॉब. लांब अँगल किंवा पट्टी असेल तर लांब टोक डावीकडे घ्या आणि ते मशीनच्या खांबाला टेकेल असं ठेवा. ड्रिल वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे जॉब अडकला तरी डावं टोक मागे जाऊन खांबावर अडतं. तेच टोक उजवीकडे असेल तर थेट तुमच्या पोटावर येतं. क्लॅम्प तरीही लावायचाच. खांब हा दुसरा आधार आहे.

पातळ पत्रा खालीवर लाकडाच्या फळ्या ठेवून दाबा, नाहीतर पायऱ्यापायऱ्यांचा स्टेप ड्रिल वापरा. पितळेवर साधा ड्रिल स्वतःच आत खेचला जातो. त्यासाठी ड्रिलच्या दोन्ही धारा दगडावर किंचित चपट्या करून घ्याव्यात. आणि कुठलाही धातू असो, ड्रिल बाहेर पडायला आला की हँडलवरचा जोर कमी करा.

हातमोजे, मफलर, मनगटातला दोरा

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी कडक असते. सकाळच्या पाळीत लोखंड हातात धरवत नाही, म्हणून हातमोजे घालूनच ड्रिल चालवणारे अनेक जण दिसतात. जॉब उचलताना हातमोजे जरूर घाला, पण स्पिंडल (ड्रिल फिरवणारा दांडा) फिरत असताना ते काढलेलेच हवेत. कापडाचा एक धागा ड्रिलला गुंडाळला की मागोमाग बोट जातं. मफलर, ओढणी, सैल बाही, अंगठी, कडं, गळ्यातली चेन यांचंही तेच. मनगटातला दोरा श्रद्धेचा असतो, तो काढायला सांगणं जड जातं. मग निदान घट्ट बाहीखाली पूर्ण झाकला जाईल एवढं तरी बघा. लांब केस बांधून टोपीत घ्या. गॉगल मात्र प्रत्येक वेळी हवाच, अगदी एका होलासाठीही.

लांब वेटोळ्याच्या चिप्स (होलातून निघणारा धातूचा कीस) हाताने ओढू नका, त्या ब्लेडसारख्या कापतात. होल मारताना मध्ये मध्ये ड्रिल वर घेतला की चिप तुटते. टेबल साफ करायचं ते मशीन बंद करून, ब्रशने. एअर गनने चिप्स उडवल्या की शेजारी काम करणाऱ्याच्या डोळ्यांत जातात.

वीज गेली, स्विच चालूच राहिला

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. वीज जाते, मशीन थांबतं, आणि आता वेळ आहेच म्हणून कारागीर ड्रिल बदलायला घेतो. चावी चकमध्ये (ड्रिल पकडणाऱ्या जबड्यात), हात चकवर. साधा फिरवायचा स्विच असेल आणि तो चालूच राहिला असेल, तर वीज येताच स्पिंडल फिरायला लागतो. नो-व्होल्ट कॉइलचा, म्हणजे वीज जाताच सर्किट तोडणारा स्टार्टर असेल तर वीज गेल्यावर तो आपोआप सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. जुन्या मशीनवर असा स्टार्टर बसवून घ्या. तोवर वीज गेली की पहिलं काम स्विच बंद करण्याचं.

चावीवरचा हात सुटला की चावी चकच्या बाहेर, ही सवय अंगवळणी पडायला हवी. स्प्रिंगची चावी मिळते, ती हात सोडताच बाहेर उडते. वेग बदलण्यासाठी पुलीवरचा पट्टा बदलताना मेन स्विच बंद ठेवा. आणि बंद केल्यावर हळूहळू फिरत असलेला चक हाताने थांबवू नका.

ड्रिल किंचाळतो, निळा पडतो, तुटतो

किंचाळणं म्हणजे बहुतेकदा धार गेलेली किंवा वेग चुकलेला. माइल्ड स्टीलला हाय स्पीड स्टीलच्या ड्रिलसाठी मिनिटाला सुमारे २५ मीटर कटिंग स्पीड (धारेचा धातूवरून सरकण्याचा वेग) धरतात. त्याला ३१८ ने गुणून ड्रिलच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागलं की आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, मिळतो: ६ मिलिमीटरला साधारण १३००, १२ ला ६५०, २० ला ४००. दिवसभर एकाच पुलीवर पट्टा ठेवून ६ आणि २० दोन्ही मारले, तर मोठा ड्रिल जळणारच.

स्टेनलेसचा वेग माइल्ड स्टीलच्या निम्म्यावर आणा, कूलंट (थंड करणारं द्रव) सोडा आणि जोर सलग ठेवा. हलक्या हाताने नुसतं घासत राहिलात तर तिथला धातू कडक होतो आणि पुढे कुठलाच ड्रिल आत शिरत नाही.

होल मापापेक्षा मोठं पडत असेल तर चिप्स बघा. एकाच बाजूने निघत असतील तर ड्रिलच्या दोन धारा सारख्या लांबीच्या नाहीत. साध्या कामाला टोकाचा कोन ११८ अंशांचा ठेवून, गेजवर तपासून पुन्हा धार लावा. सुरुवातीलाच ड्रिल सरकत असेल तर सेंटर पंच (होलाच्या मध्यावर टोकदार पंचाने पाडलेला खळगा) मारलेला नाही किंवा उथळ मारलाय. ड्रिल चकमध्येच घसरत असेल तर चावी तिन्ही भोकांत फिरवून आवळा. शँकवर (ड्रिलच्या चकमध्ये धरायच्या भागावर) चरे उमटले असतील तर ते आधी घासून काढा.

हँड ड्रिलला बाजूचा दांडा लावूनच काम करा. १० मिलिमीटरच्या पुढचा ड्रिल अडकला की मशीन मनगट पिरगाळतं, आणि शिडीवर असाल तर तोलही जातो. मोठ्या होलाआधी लहान पायलट होल मारा, ट्रिगर लॉक करू नका. वायर सोललेली असेल तर चिकटपट्टी गुंडाळून दिवस काढू नका, वायरच बदला.