जुन्या धावपटूची कारकीर्द कशी लिहावी: नॉर्मन प्रिचर्ड यांच्या निमित्ताने

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या धावपटूची कारकीर्द लिहायला घेताना सुरुवात पदकापासून करू नये. तो घडला कुठे आणि किती अंतरावर धावत असे, हे आधी टिपून घ्यावे. नॉर्मन गिल्बर्ट प्रिचर्ड हे १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन शर्यतींत दुसरे आलेले धावपटू. त्यांचा जन्म कलकत्त्याचा, शिक्षणही तेथील सेंट झेवियर्स महाविद्यालयातले. बंगाल प्रांताच्या स्पर्धेतील शंभर यार्डांची शर्यत त्यांनी १८९४ ते १९०० अशी सलग सात वर्षे जिंकली. ही सात वर्षे एका ओळीत उरकली जातात याचे मला फार वाईट वाटते, कारण पॅरिसला पोहोचलेला धावपटू याच काळात तयार झाला. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, तेव्हा त्या वेळांची शंभर मीटरच्या वेळांशी थेट तुलना करू नये. त्यांचे जन्मवर्ष कुठे १८७५, तर कुठे १८७७ असे छापलेले आढळते. अशा वेळी दोन्ही वर्षे नोंदवावीत.

मग वेळांकडे वळावे. जुलै १९०० मध्ये पॅरिसला २०० मीटरच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेचे वॉल्टर ट्यूक्सबरी २२.२ सेकंदांत पहिले आले आणि प्रिचर्ड २२.८ सेकंदांत दुसरे. २०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत आल्विन क्रेन्झलाइन यांना २५.४, तर प्रिचर्ड यांना २६.६ सेकंद लागले. हे चार आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत. दशांशचिन्हापुढे प्रत्येक वेळी सम अंकच येतो, कारण त्या काळची स्टॉपवॉच सेकंदाचा पाचवा हिस्सा मोजत असे आणि २२.८ म्हणजे मुळात बावीस पूर्णांक चार पंचमांश. शिवाय या शर्यती बुआ द बूलोन्य या उद्यानातील हिरवळीवर झाल्या. मोजमाप इतके ढोबळ आणि पायाखाली गवत असताना त्या वेळा आजच्या कृत्रिम धावपट्टीवरील शतांश सेकंदांच्या शेजारी मांडणे हा त्या माणसावर अन्यायच होय.

‘रौप्यपदक’ हा शब्दही जपून वापरावा. पहिल्या तिघांना सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदके देण्याची पद्धत १९०४ पासूनची आहे, म्हणून ‘दुसरा क्रमांक, जो आज रौप्यपदक गणला जातो’ असे लिहिणे अचूक ठरते.

सर्वांत जास्त वाद देशाचा आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ही दोन्ही पदके भारताच्या नावावर दाखवते, तर जागतिक अॅथलेटिक्स संघटनेच्या नोंदींत प्रिचर्ड ब्रिटनचे आहेत. पॅरिसपूर्वी ते इंग्लंडमधील स्पर्धांत उतरले होते आणि १९०० मध्ये बरेच खेळाडू देशाच्या संघातून न येता व्यक्तिशः नाव नोंदवत, हे ध्यानात घेतले की हा घोळ उलगडतो. दोन्ही दावे नावानिशी द्यावेत. मराठी वाचकाला येथे खाशाबा जाधवांची आठवण होणारच. १९५२ चे हेलसिंकीचे त्यांचे कांस्यपदक ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक’ असे लिहिले की दोघांचाही मान राहतो.

धावणे थांबल्यानंतरची वर्षे शोधताना नाव बदलून पाहावे. इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या सचिवपदापर्यंत ते प्रिचर्ड म्हणूनच भेटतात. पुढे इंग्लंडच्या रंगभूमीवर आणि अमेरिकेतील मूकपटांत, १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात मृत्यू येईपर्यंत, त्यांची नोंद ‘नॉर्मन ट्रेव्हर’ या नावाखाली सापडते.