स्कूल बोर्डाची दुसरी निवडणूक: या चुका टाळा

न्यू जर्सीत आपली माणसं स्कूल बोर्डावर, म्हणजे गावातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळावर, निवडून येतात, तीन वर्षं जीव तोडून काम करतात आणि दुसऱ्या खेपेला पडतात. मग म्हणतात, "लोकांना कामाची किंमतच नाही." मला हे अजिबात पटत नाही. मध्य जर्सीतल्या उमेदवारांच्या प्रचारात मी बरीच वर्षं राबते आहे, आणि पडणाऱ्यांच्या चुका दरवर्षी त्याच त्या असतात. पहिल्या वेळी तुम्ही नवे असता, लोक चांगल्या मनाने संधी देतात. दुसऱ्या वेळी तुमच्या नावावर तीन वर्षांची मतं जमा असतात, आणि कुठल्या ठरावावर तुम्ही हो म्हणालात नि कुठल्यावर नाही, ते सगळं बैठकीच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, छापलेलं असतं. तुम्ही ते विसरलात तरी विरोधी उमेदवार विसरत नाही.

मांडवातली गर्दी म्हणजे मतं नव्हेत

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. गणपतीत हॉल भरलेला असतो, आरतीला उभं राहायला जागा नसते, आणि उमेदवार खुशीत येऊन म्हणतो, "आता आपल्याला कोण पाडतंय!"

मिडलसेक्स काउंटीतल्या एका टाउनशिपमधले आमचे एक भाऊ असेच निर्धास्त होते. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, एकदा यादी घेऊन बसू." काउंटीकडून मतदारयादी आणली, गणपती मंडळाच्या सभासदांची यादी शेजारी ठेवली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिलने एकेक नाव तपासत गेलो. बरीच मंडळी मुळात शेजारच्या टाउनशिपची निघाली. त्यांचं स्कूल डिस्ट्रिक्टच, म्हणजे एका बोर्डाखालच्या शाळांचा विभागच, वेगळा; ते भाऊंना मत देऊच शकत नव्हते. राहिलेल्यांत कुणी एच-वन-बीवर, कुणी ग्रीन कार्डवर. मुलं इथल्या शाळेत जातात, टॅक्स इथे भरतात, पण मतदान फक्त नागरिकांना. आणि सगळ्यात वाईट वाटलं ते पुढच्या गटाचं. नागरिक झालेले, भाऊंवर जीव असलेले, पण अपार्टमेंट सोडून घर घेतल्यावर मतदार नोंदणीचा पत्ताच बदललेला नाही. यादीत त्यांचं नाव जुन्या गावात. मंडळाची यादी संपली तेव्हा खुणा केलेली नावं एका पानावर मावत होती. वहिनींनी चहा ठेवला होता, तो तसाच गार झाला.

बरं एवढंच की सप्टेंबर होता. नोंदणीची मुदत निवडणुकीच्या 21 दिवस आधी संपते. भाऊंनी भाषणं बंद केली आणि फॉर्म घेऊन घरोघर जायला लागले. निवडून आले, पण ते त्या पेन्सिलीमुळे.

माझी सवय सांगते. मी कुठल्याही उमेदवाराला आधी विचारते, "तुमच्या पक्क्या मतदारांची नावं लिहून द्या." आकडा नको, नावं. जो नुसता आकडा सांगतो, त्याच्याबरोबर मी काम करत नाही.

याच रांगेतली दुसरी गोष्ट: आता निवडणूक एका दिवसाची राहिलेली नाही. पोस्टाने मतपत्रिका 45 दिवस आधीपासून निघतात. 2021 पासून नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी सलग नऊ दिवस प्रत्यक्ष केंद्रावर जाऊनही मतदान करता येतं, तेही काउंटीतल्या कुठल्याही अर्ली व्होटिंग केंद्रावर. 2024 मध्ये हे दिवस 26 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर होते, म्हणजे ऐन दिवाळीत. फराळ, पाहुणे, रांगोळी यांत आपल्या लोकांचं मत राहून जातं. मेल-इन मतपत्रिकेचा अर्ज नवरात्रातच भरून घ्या.

अडचणीच्या मतावर गप्प बसणं

दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण ती भल्या माणसांकडून होते.

न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब असेल, आणि हायस्कूलच्या मुलाचं अडीच मैलांपेक्षा, तर बस देणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. त्याहून जवळच्यांना मिळते ती कर्टसी बस, म्हणजे डिस्ट्रिक्टने स्वखुशीने दिलेली. प्रॉपर्टी टॅक्समधून मिळणारी रक्कम वर्षाला साधारण दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यात 2018 च्या कायद्याने काही डिस्ट्रिक्टची राज्याकडून येणारी मदत वर्षागणिक कमी होत गेली. पैसा आटला की पहिली कुऱ्हाड या कर्टसी बसवर.

आमच्या ओळखीच्या एका ताईंनी त्या कपातीच्या बाजूने मत दिलं. कारण भक्कम होतं: बस ठेवली असती तर लहान वर्गांतल्या मदतनीस बाया आणि संगीताचे शिक्षक जात होते. पण हे त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. मी दोनदा म्हटलं, "ताई, एक पत्र काढा." त्यांचं उत्तर, "कशाला उगाच खपली काढायची? लोक विसरतील."

लोक विसरले नाहीत. जी आई रोज सकाळी फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून दुसरीतल्या मुलीचा हात धरून चालते, ती कशी विसरेल? विरोधी उमेदवाराने त्याच रस्त्याचा फोटो पत्रकावर छापला आणि खाली ताईंचं नाव आणि त्यांनी दिलेलं मत. एक शब्द खोटा नव्हता. ताई ऑक्टोबरच्या मध्यावर समजावायला निघाल्या, तोवर किती तरी मतपत्रिका भरून परत गेल्या होत्या. संगीताचे वर्ग आजही चालू आहेत, ते कुणामुळे हे तिथल्या पालकांना आजही माहीत नाही. मला त्या निकालाचं अजून वाईट वाटतं.

म्हणून माझ्या उमेदवारांना मी एक शिस्त लावते. वादाच्या ठरावावर मत दिलं की त्याच रात्री एक पान लिहायचं: अडचण काय होती, पर्याय कोणते होते, मी काय केलं आणि का. बंद दाराआडच्या बैठकीतलं काही त्यात येता कामा नये. स्वतःच्या नावाने टाकलेल्या प्रत्येक पोस्टखाली स्पष्ट लिहायचं की हे माझं मत आहे, बोर्डाचं नाही. आणि जून-जुलैत तीन वर्षांची मिनिट्स बसून वाचायची. कंटाळवाणं काम आहे, त्याला पर्याय नाही.

या चुका थोडक्यात, पण हलक्यात घेऊ नका

नोव्हेंबरच्या निवडणुकीचं पिटिशन, म्हणजे मतदारांच्या सह्यांचा उमेदवारी अर्ज, जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारच्या आत काउंटी क्लार्ककडे पोचलं पाहिजे. पावणेचारला धापा टाकत येणारे दरवर्षी दिसतात. सह्या त्याच डिस्ट्रिक्टच्या नोंदणीकृत मतदारांच्या हव्यात. लागतात त्याच्या दुप्पट घ्या.

शाळेत मुलांच्या हाती प्रचाराची पत्रकं घरी पाठवू नका, त्याला कायद्याने बंदी आहे. बोर्डाचा ईमेलही प्रचाराला वापरू नका. बोर्ड सदस्यांनी कसं वागावं हे सांगणारा स्कूल एथिक्स ॲक्ट कित्येक वर्षांपासून आहे, "मला माहीत नव्हतं" हे विद्यमान सदस्याच्या तोंडी शोभत नाही.

बोर्डातल्या बहुमताएवढ्या सदस्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप करून त्यावर शाळेचे निर्णय चर्चू नका. तो सनशाइन कायद्याचा, म्हणजे बोर्डाच्या बैठका लोकांसमोर घेण्याच्या कायद्याचा, भंग ठरतो.

खर्च स्वतःच्या खिशातला असला तरी प्रचाराच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या इलेक्शन लॉ एन्फोर्समेंट कमिशनचे फॉर्म भरावे लागू शकतात, आणि पत्रकावर पैसे कुणी दिले ते छापावं लागतं.

तीन जागा असल्या की मतदार तिघांना मत देऊ शकतो, पण देण्याची सक्ती नाही. तुम्ही पॅनेल न करता एकटे उभे असाल तर जवळच्यांना सांगा की फक्त मला दिलंत तरी मत वैध आहे. ओळखीपोटी दिलेली उरलेली दोन मतं तुमच्याच प्रतिस्पर्ध्याला वर नेतात.

लॉन साइनचं, म्हणजे घरापुढच्या हिरवळीत रोवायच्या प्रचाराच्या पाट्यांचं, वेड मला कळत नाही. नवे कार्यकर्ते येतात आणि पहिल्या दिवशी विचारतात, "साइन किती छापायच्या?" दारं किती ठोठवायची, हे कुणी विचारत नाही. त्यांना पंधरा दिवसांत निकाल हवा असतो.

आणि कृपा करून "मी सहावीपासून ॲडव्हान्स्ड गणित सुरू करून देतो" असली आश्वासनं देऊ नका. एकटा सदस्य काहीच सुरू करू शकत नाही. बोर्ड सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळांचा मुख्य प्रशासक, नेमतं, बजेट आणि धोरण ठरवतं. नवख्याला हे माहीत नसेल तर समजू शकते. तुम्ही तीन वर्षं त्या खुर्चीवर बसलात.

फक्त आपल्याच दारात जाणं

मन्रोसारख्या टाउनशिपमध्ये पंचावन्न वर्षांवरच्यांच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. त्यांची मुलं शाळेत नाहीत, पण राज्यात सरासरी प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलाचा अर्ध्याहून मोठा भाग शाळेचा असतो, आणि ही मंडळी नेमाने मतदान करतात. आपले उमेदवार तिथे जातच नाहीत, "ते आपल्याला थोडेच देणार" म्हणून. जा. तिथल्या क्लबहाउसमध्ये वेळ मागून घ्या. स्वतःचं टॅक्सचं बिल बरोबर न्या, शाळेच्या रकमेखाली रेघ मारा, त्यातला डॉलर कुठे जातो ते सांगा आणि मग त्यांचे प्रश्न संपेपर्यंत बसा. पहिला प्रश्न बहुधा टॅक्स कधी कमी होणार हाच येतो. होणार नसेल तर तसं सरळ सांगा.