लोणारवर लिहिताय? मग तथ्य आणि मत यांची खिचडी करू नका

मी मुलांचे निबंध तपासते, त्यात लोणार सरोवर हा विषय येतोच, आणि माहिती कुठे संपली नि मुलाचं स्वतःचं म्हणणं कुठे सुरू झालं तेच कळत नाही. मोठ्यांच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्येही अगदी हेच.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "मला वाटतं" दिसलं की ते मत समजायचं. "मला वाटतं लोणार जालना जिल्ह्यात आहे" हे मत नाही हो, नकाशा उघडा, बुलढाणा दिसेल, म्हणजे विधान तपासता आलं आणि ते चुकलं. उलट "लोणारइतकी शांत जागा दुसरी नाही" यात मला वाटतं कुठेच नाही तरी ते मतच, कारण शांतता कोणाला कशात वाटेल ते मोजणार कसं?

आकडा आला की सगळं वाक्य तथ्य, असंही नसतं. सरोवर ज्या विवरात (उल्का आदळून झालेल्या खड्ड्यात) आहे, त्याचा व्यास साधारण 1.8 किलोमीटर आहे हे तथ्य, पण "फक्त 1.8 किलोमीटर" लिहिलंत की तो 'फक्त' तुमचा झाला.

आता आपला लाडका 'च'. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा कोणी म्हणालं शेवाळामुळे, कोणी म्हणालं लॉकडाऊनमुळे. तोवर हे अंदाज होते, धड तथ्य नाही की मत नाही, पण "लॉकडाऊनमुळेच" लिहिलं की वाचणाऱ्याला ते सिद्ध झाल्यासारखं वाटतं. नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले, त्यांचंच रंगद्रव्य गुलाबी. इथे 'च' शोभतो. तपासणीआधी लिहायचं असेल तर "असावं" लिहा, ऐकीव असेल तर "म्हणे", आपल्या भाषेत सोय आहे ना!

आणि दोन आकडे वेगळे दिसले की "ज्याचं त्याचं मत" म्हणून सोडून देऊ नका. लोणारचं वय कुठे 52 हजार वर्षं मिळेल तर कुठे 5 लाख 70 हजार. ही मतं नाहीत, दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेली वयं आहेत, दुसरं नंतरचं, आर्गॉन पद्धतीचं (खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढतात ती). म्हणून आकड्यासोबत पद्धतही लिहा.

मत मात्र खोडू नका. "सरोवरात सांडपाणी जाता कामा नये" बिनधास्त लिहा, फक्त पुढे कारण जोडा: 2020 मध्ये हे रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झालंय आणि इथले सूक्ष्मजीव या खाऱ्या पाण्यावरच जगतात.