रेंजरची सेटिंग अनेक लिनक्स मशिनवर: काय सोबत न्यायचं, काय जागेवर ठेवायचं

घरी फेडोरा, ऑफिसच्या लॅपटॉपवर उबुंटू आणि शिवाय स्क्रीन नसलेला एखादा डेबियन सर्व्हर. तिन्हीकडे टर्मिनलमध्ये रेंजर हा फाइल मॅनेजर, आणि त्याची सेटिंग गिटवरून (फाइलींचे बदल नोंदवून मशिनांमध्ये पोचवणारं साधन) सिंक. फाइली बिनबोभाट पोचतात, पण उबुंटूवर प्रिव्ह्यूचे रंग गायब होतात आणि सर्व्हरवर व्हिडिओ उघडायला गेलं की नुसती एरर येते.

यावर बरेच जण होस्टनेम, म्हणजे मशिनचं नाव, तपासून 'हे मशिन असेल तर असं, ते असेल तर तसं' अशा अटी लिहीत सुटतात. माझा त्याला विरोध आहे. नवा लॅपटॉप आला की सगळ्या अटी पुन्हा उपसाव्या लागतात. त्यापेक्षा 'हा प्रोग्रॅम इथे आहे का' एवढंच विचारा. जे तसं विचारता येत नाही, ते एका छोट्या स्थानिक फाइलीत टाका.

१. आरसी.कॉन्फ हलकी करा

आरसी.कॉन्फ ही रेंजरची मुख्य सेटिंग फाइल. कॉपी-कॉन्फिग पर्यायाने ती पूर्ण उतरवून घेतली असेल, तर तिच्यातून तुम्ही बदललेल्या ओळीच तेवढ्या ठेवा. रेंजर आधी स्वतःची मूळ फाइल वाचतो, मग तुमची. त्यामुळे बाकीच्या गोष्टी त्या त्या मशिनवरच्या आवृत्तीकडून आपोआप येतात आणि डेबियनवरच्या जुन्या रेंजरला अनोळखी सेटिंग दिसत नाही. रेंजर-लोड-डिफॉल्ट-आरसी हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (शेलमध्ये ठेवलेली सेटिंग) तुम्ही फॉल्स केला असेल, तर तो मात्र काढून टाका.

रायफल.कॉन्फ (फाइल कशाने उघडायची ते ठरवणारी) आणि स्कोप.एसएच (प्रिव्ह्यू तयार करणारी स्क्रिप्ट) यांना हा नियम लागू नाही. तुमची प्रत असली की मूळ प्रत वाचलीच जात नाही, म्हणून या दोन्ही पूर्ण ठेवाव्या लागतात.

२. स्थानिक फाइल

आरसी.कॉन्फच्या अगदी शेवटी सोर्स कमांडने त्याच फोल्डरमधली लोकल.कॉन्फ वाचायला सांगा. शेवटीच, कारण नंतर आलेली ओळ आधीचीवर मात करते. लोकल.कॉन्फ हे नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) घाला आणि प्रत्येक मशिनवर ती फाइल टच कमांडने तयार करा, रिकामी असली तरी. ती नसेल तर सोर्सची ओळ अडखळते.

तिच्यात काय जातं? मुख्यतः चित्रांच्या प्रिव्ह्यूची पद्धत. घरी किटी टर्मिनल असेल तर 'किटी', ऑफिसात दुसरा टर्मिनल असेल तर त्याला जमेल ती, सर्व्हरवर चित्रं बंद. आणि जागांचे शॉर्टकट. पेनड्राइव्ह लावला की उबुंटू तो /मीडिया/युजरनेम खाली दाखवतो, तर फेडोरा /रन/मीडिया/युजरनेम खाली. डेस्कटॉपची भाषा मराठी ठेवली असेल तर डाउनलोडच्या फोल्डरचं नावही वेगळं असू शकतं. हे रस्ते सामायिक फाइलीत लिहून उपयोग नाही.

बुकमार्क सिंक करू नका. ते .लोकल/शेअर/रेंजरमध्ये असतात आणि रेंजर ती फाइल स्वतःच लिहीत राहतो. तिच्यावरून गिटशी रोज कुस्ती होईल.

३. रायफल.कॉन्फ: खरी मेख इथे

एंटर दाबल्यावर फाइल कशाने उघडायची, ते ही फाइल ठरवते. नियम वरून खाली वाचले जातात आणि जुळलेला पहिला नियम चालतो. प्रत्येक नियमाला अटी लावता येतात, त्यातल्या दोन कामाच्या. 'हॅज एमपीव्ही' म्हणजे एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेयर इथे असेल तरच. नुसतं 'एक्स' म्हणजे ग्राफिकल डिस्प्ले असेल तरच. एक्सच्या आधी उद्गारचिन्ह दिलं की उलट अर्थ.

मग व्हिडिओसाठी दोन नियम पुरतात: आधी 'हॅज एमपीव्ही' आणि 'एक्स' असेल तर एमपीव्हीने चालवा. खाली, 'हॅज मीडियाइन्फो' असेल आणि एक्स नसेल, तर मीडियाइन्फो या प्रोग्रॅमने दिलेली फाइलीची माहिती लेसमध्ये (टर्मिनलमध्ये मजकूर पानापानाने दाखवणारी कमांड) दाखवा. सर्व्हरवर व्हिडिओ दिसणार नाही, पण लांबी आणि रेझोल्यूशन तर कळेल. तीच फाइल, तिन्हीकडे. एसएसएचने (दुसऱ्या मशिनवर दूरून लॉगिन) जोडताना एक्स फॉरवर्डिंग, म्हणजे तिथल्या खिडक्या तुमच्या स्क्रीनवर दाखवणं, चालू असेल तर सर्व्हरही 'डिस्प्ले आहे' म्हणेल, तेवढं लक्षात असू द्या.

४. एकच प्रोग्रॅम, दोन नावं

उबुंटूवरचे रंग का गेले? डेबियन आणि उबुंटूवर बॅट ही मजकूर रंगीत दाखवणारी कमांड 'बॅटकॅट' या नावाने बसते, फाइली शोधणारी एफडी 'एफडीफाइंड' म्हणून. फेडोरावर ती बॅट आणि एफडीच. प्रिव्ह्यू बॅटवर सोपवलेला असेल, तर स्कोप.एसएचला उबुंटूवर तो सापडणारच नाही.

स्क्रिप्टमध्ये दोन्ही नावं तपासता येतात, पण त्याहून सोपं म्हणजे उबुंटूवर .लोकल/बिनमध्ये 'बॅट' नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारा शॉर्टकट) करून ती बॅटकॅटकडे वळवणं. फोल्डर नव्याने बनवलं असेल तर एकदा लॉगआउट करून परत या, म्हणजे ते पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी) येईल. सिमलिंक त्या मशिनपुरती, सिंकमध्ये नाही.

स्कोप.एसएच एक्झिक्युटेबल, म्हणजे प्रोग्रॅम म्हणून चालवता येईल अशी खूण असलेली, असावी लागते. गिट ती खूण जपतो. पेनड्राइव्हवरून फाइली नेल्या तर ती हरवू शकते आणि प्रिव्ह्यू बंद पडतो. तेव्हा सीएचमॉड प्लस एक्स या कमांडने ती परत लावा.

५. तपासणी

प्रत्येक मशिनवर रायफल कमांडला 'वजा एल' आणि एखाद्या फाइलीचं नाव द्या. काहीही न उघडता, ती फाइल इथे कशाकशाने उघडेल याची यादी येते. व्हिडिओ, पीडीएफ, साधी टेक्स्ट फाइल, एवढ्या तीन पाहिल्या तरी पुरे. यादी रिकामी आली तर आधी प्रोग्रॅम बसवलाय का ते बघा, नियमाला हात नंतर लावा.