जॅकेट अंगात नीट बसले आहे का?
पवना किंवा मुळशीसारख्या धरणाच्या जलाशयावर मुलांचे शिबिर नेताना, उत्तम पोहणाऱ्या मुलांसकट प्रत्येकाला पाण्यात उतरण्यापूर्वी लाइफ जॅकेट घालायलाच लावावे, कारण तिथला तळ एका पावलात खोल जाऊ शकतो आणि तरणतलावातला सराव तिथे पुरत नाही. जॅकेट वयावरून नव्हे, तर त्यावर छापलेल्या वजनाच्या मर्यादेवरून निवडावे. सर्व पट्टे आवळल्यावर मुलाला दोन्ही हात वर करायला सांगून जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढावे. ते हनुवटीला किंवा कानांना भिडले, तर सैल आहे आणि पाण्यात डोक्यावरून निसटू शकते. लहानग्यांसाठी मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलेच घ्यावे. हवेच्या ट्यूबवर किंवा दंडावरच्या फुग्यांवर मात्र मी कोणत्याही मुलाला सोडणार नाही.