गोल्फमध्ये ड्रायव्हरचा फटका लांब जात नसेल तर

ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबने (दांडक्याने), टीवरून (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरून) मारलेला चेंडू लांब जात नाही म्हटलं की बहुतेक जण आणखी ताकद लावतात, आणि फटका आणखी आखूड पडतो. ताकद लावली की उजवा खांदा आधी पुढे झेपावतो, क्लब बाहेरून आत येतो आणि चेंडू फेसच्या (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) टाचेकडे, म्हणजे दांडीजवळच्या टोकाकडे, लागतो. (इथलं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे; डावखुऱ्यांनी बाजू उलट घ्याव्यात.)

म्हणून आधी चेंडू फेसवर कुठे लागतो ते पाहा. पायांवर मारायचा पावडरचा स्प्रे ड्रायव्हरच्या फेसवर हलका फवारा आणि दहा चेंडू मारा, दर दोन चेंडूंनंतर फेस पुसून पुन्हा फवारत. पांढऱ्या थरावर गोल ठसा स्वच्छ उमटतो. ठसा मध्यावर किंवा केसभर वर हवा. तिथे लागलं तर चेंडूचा वेग क्लबच्या जवळपास दीडपट होतो: क्लब ताशी 150 किलोमीटर, तर चेंडू 225. ठसे खाली असतील तर बॅकस्पिन (चेंडूची उलटी गिरकी) वाढतो, चेंडू हवेत फुगतो आणि पुढे न जाता खाली येतो. टाचेकडे असतील तर स्लाइसला, म्हणजे उजवीकडे वळत जाणाऱ्या फटक्याला, आयतं निमंत्रण.

ठसे खाली पडत असतील तर टी उंच करा. ड्रायव्हर जमिनीला टेकवल्यावर निम्मा चेंडू त्याच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत, पाय खांद्यांपेक्षा थोडे फाकलेले, उजवा खांदा डाव्याहून खाली. मग क्लब खालचा टप्पा ओलांडून वर चढताना चेंडूला लागतो आणि स्पिन कमी राहतो. ग्रिप बोटांत धरा, तळहातात नको. आवळून धरली की मनगटं आखडतात.

बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे वर नेताना, खांदे साधारण 90 अंश फिरवा, कंबर त्याच्या निम्मी. अंग तेवढं वळत नसेल तर डावी टाच खुशाल उचलू द्या. खरं अंतर मिळतं ते खाली येतानाच्या क्रमातून: आधी वजन डाव्या पायावर, मग कंबर, मग छाती, हात सर्वांत शेवटी. हात आधी सुटले की मनगटाचा कोन वरच मोडतो आणि वेग चेंडूपर्यंत पोचायच्या आत संपतो.

हा क्रम अंगवळणी पडायला एक सराव फार उपयोगी आहे. पाय जुळवून उभे राहा, बॅकस्विंग सुरू करा आणि क्लब वर पोचायच्या जरा आधीच डावा पाय लक्ष्याच्या दिशेने टाका, मग फिरवा. आधी चेंडूशिवाय दहा वेळा करा. नंतर ड्रायव्हर उलटा धरून, म्हणजे क्लबच्या डोक्याजवळ दांडी पकडून, हवेत फिरवा आणि कान द्या. ‘सूं’ आवाज चेंडूच्या जागी किंवा तिच्या पुढे यायला हवा. उजव्या कानाशी आला तर हात लवकर सुटताहेत.

पूर्ण वेगाचे फटके एका वेळी पंधराच्या वर नकोत, दोन फटक्यांत अर्धा मिनिट जाऊ द्या. दमलेलं शरीर जुनीच सवय पक्की करतं. आठवड्याने पुन्हा स्प्रे मारा. ठसे विखुरलेले दिसले तर वेग थोडा उतरवा आणि ते एका जागी येईपर्यंत तिथेच राहा.